कापायची तेवढी जागा खरी

पडदा वर जातो. तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर. डावीकडे ओटा, उजवीकडे एकच खिडकी, आणि तिच्यातून येणारा दुपारचा उजेड नेमका टेबलावर पडेल असा. मागच्या भिंतीशी, बंद पडलेल्या एका हॉटेलातून उचलून आणलेला ओव्हन. त्याचं दार नीट लागत नाही, म्हणून ते एका जुन्या नाटकातल्या राजवाड्याच्या पडद्याच्या सोनेरी दोरीने बांधलेलं. हवेत मैदा तरंगतोय. आणि मधोमध, न्यायाधीशाचा काळा झगा कापून केलेला अ‍ॅप्रन घालून, हातात लाकडी पळी घेऊन उभे आहेत मास्तर. वय वर्षं सदुसष्ट. पोट जरा पुढे, डोक्यावर केस जरा मागे. प्रेक्षागृहात एकच बाई: खुर्चीवर बसलेली त्यांची थोरली बहीण. तिने तिकीट काढलेलं नाही, आणि तिला हा खेळ बघायचाही नव्हता.

"किती मैदा घेतलास?" ताईने विचारलं.

"हवा तेवढा."

"हवा तेवढा म्हणजे किती?"

"ताई, असं भांड्यात बघितलं की कळतं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला भांडं भरलेलं दिसलं पाहिजे."

ताईने मान वळवून मागे पाहिलं. "शेवटच्या रांगेत कोण बसलंय? तिथे भिंत आहे, भोपळ्या."

भोपळ्या हे मास्तरांचं घरचं नाव. ते वयाच्या चौथ्या वर्षी पडलं आणि दर वर्षी त्यांना जास्तच शोभत गेलं. बाहेर मात्र सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण ते एका नाटक कंपनीचे प्रॉपर्टीमास्तर होते. म्हणजे रंगमंचावर जे जे हातात घेतलं जातं, फेकलं जातं, फोडलं जातं किंवा खाल्लं जातं, ते सगळं पुरवायचं काम त्यांचं. तलवारी, कंदील, प्रेमपत्रं, रक्त. आणि खाणं. खाण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कोऱ्या चहाची दारू, कुस्करलेल्या बटाट्याचं आइस्क्रीम (दिव्यांच्या उष्णतेत खरं वितळतं), काठीला पाव गुंडाळून केलेली कोंबडीची तंगडी. ही तंगडी इतकी हुबेहूब, की एका खेळाला विंगेत शिरलेलं मांजर ती पळवून घेऊन गेलं आणि जिन्यात तिला हुंगून, मास्तरांकडे एक नजर टाकून, तशीच सोडून गेलं. त्या नजरेत सगळं समीक्षण आलं होतं, असं मास्तर स्वतःच सांगत.

चाळीस वर्षं त्यांनी असं अन्न केलं जे पंधराव्या रांगेतून सुंदर दिसे आणि एका हाताच्या अंतरावरून खाण्याजोगं नसे. मग कंपनी बंद पडली, मास्तर घरी बसले, आणि त्यांच्या मनाने घेतलं की आता खरे केक करायचे. स्वतःबद्दल त्यांना फारसे गैरसमज नव्हते. जे होते ते सगळे केकबद्दल होते.

दिसायला ते केक दृष्ट लागण्यासारखे. क्रीमची फुलं अशी, की मधमाशी फसावी. पण आत सुरी घातली की कधी विटेचा आवाज येई, कधी काहीच आवाज न येता सुरी बुडत जाई. शेजाऱ्यांनी पहिले काही महिने तोंड भरून कौतुक केलं, तेही केक तोंडात जायच्या आधी. नंतर जिन्यात मास्तरांच्या हातात बशी दिसली की दारं आतून लागायला लागली.

पण मास्तरांचा इलाज नव्हता. रोज चार वाजले की त्यांच्या जिभेला शिंगं फुटत. कंपनीत असताना चार वाजता तालमीला सुट्टी व्हायची, आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतून ताज्या केकचा वास आत यायचा. सगळे जाऊन खाऊन यायचे. मास्तरांना मात्र तेव्हाच रात्रीचा खोटा केक रंगवायला घ्यावा लागे. प्लॅस्टरला चॉकलेटी रंग फासत ते तो वास हुंगत बसत. चाळीस वर्षांची ती भूक आता एकदम वसुलीला आली होती. चार वाजता त्यांना केक हवाच. आणि आपल्याला जे हवं ते समोरच्यालाही हवंच असणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नसे.

समोरची म्हणजे आता ताई. ती सरकारी इस्पितळात कंपाउंडर होती. पस्तीस वर्षं काचेच्या खिडकीआड उभं राहून तिने पुड्या बांधल्या, मिश्रणं ढवळली, आणि एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ दिला नाही. लग्न केलं नाही. "वजनात बसणारा मिळाला नाही," एवढंच ती त्यावर म्हणे. ती राहत होती त्या इमारतीची मोठी दुरुस्ती निघाली, म्हणून दोन महिन्यांसाठी भावाकडे आली. येताना एक पेटी, एक छत्री आणि पितळेचा तराजू. तो तराजू तिने पहिल्याच दिवशी ओट्यावर मांडला, तेव्हाच मास्तरांना कळलं की आता आपल्या कलेचे दिवस भरले.

वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, जाऊन चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत मास्तर घरात मोठ्याने बोलत. कुणाशी, ते विचारू नये. ताई आल्यावर त्यांच्या बोलण्याला उत्तरं यायला लागली. बहुतेक उत्तरं टोमणेच होती, पण चार वर्षं उपाशी राहिलेल्या माणसाला टोमणाही गोडच लागतो. दोन महिने कसे गेले कळलं नाही. दुरुस्तीत ताईची इमारतच धोकादायक निघाली, त्यामुळे तिला तिथे परत जाता येणार नव्हतं. आणि मग ते पत्र आलं.

इस्पितळाच्या निवृत्त कर्मचाऱ्यांसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक निवास होता. ताईने फार पूर्वी तिथे नाव घातलं होतं. आता एक खोली रिकामी झाली होती. हवी असेल तर महिनाअखेरपर्यंत लेखी कळवा, नाही तर पुढच्या नावाला दिली जाईल.

ताईने पत्र वाचलं, घडी घातली आणि तराजूच्या पारड्याखाली ठेवून दिलं. "बघू," म्हणाली.

मास्तरांना 'राहा' म्हणायचं होतं, पण ते त्यांना जमेना. रंगमंचावर ते आयुष्यात एकच वाक्य बोलले होते: नोकराचं काम करणारा नट आजारी पडला की तबक घेऊन आत जायचं आणि म्हणायचं, "बाईसाहेब, केक आणलाय." तेवढंच येत होतं. म्हणून त्यांनी तेच केलं. दिवसाआड केक.

ताई दोन घास खाई आणि बशी बाजूला सारी.

"काय कमी पडलं?"

"काही नाही. छान आहे."

"मग?"

"पोट भरलं."

दोन घासांत कुणाचं पोट भरतं? मास्तर साखर वाढवत. मग लोणी. मग वरून आणखी फुलं. दर वेळी ते बशी ठेवून समोर उभे राहत आणि ताईचा घास घशाखाली उतरेपर्यंत श्वास रोखून धरत. आणि दर वेळी तेच: दोन घास, छान आहे, पोट भरलं. पालथ्या घड्यावर क्रीम.

एका दुपारी मास्तर अंघोळीला म्हणून गेले आणि टॉवेल विसरला म्हणून परत आले. स्वयंपाकघरात ताई त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. एका हातात मीठ लावलेला कडक टोस्ट, दुसऱ्या हातात व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या मिरच्यांची बरणी. तिने बरणी तोंडाला लावली आणि ते हिरवट आंबट पाणी घटाघटा प्यायली. वर डोळे मिटून असा काही सुस्कारा सोडला, जो मास्तरांच्या एकाही केकच्या नशिबी आला नव्हता.

मास्तर आले तसे पावलं न वाजवता मागे गेले, टॉवेल न घेताच. ओल्या अंगावर सदरा चढवताना त्यांच्या मनात आलं: माझा केक इतका वाईट, की बिचारीला तोंड धुवायला व्हिनेगर लागतं! त्यांनी निश्चय केला. पंचवीस तारखेला ताईला सत्तर वर्षं पूर्ण होत होती. त्या दिवशी असा केक करायचा, की ती तिसरा घास घेईल. तिसरा घास घेतला की ती राहील. हे गणित त्यांनी कोणत्या पुस्तकातून काढलं, देव जाणे.

तीन मजली केक ठरला. पाहुणे तिघंच: खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई, आणि ताईच्या इस्पितळातल्या दोन जुन्या ओळखी, एक निवृत्त सिस्टर आणि एक अँब्युलन्सचे ड्रायव्हर.

पंचवीस तारखेला ताईला त्यांनी सकाळीच शिवणवाल्या बाईंकडे पिटाळलं आणि कामाला लागले. पहिलं भांडं ओव्हनमध्ये गेलं. अर्ध्या तासाने आतून 'टप्प' असा आवाज आला, मग जळक्या वायरीचा वास, मग काहीच नाही. सोनेरी दोरी सोडून त्यांनी दार उघडलं. केकचा मागच्या बाजूचा एक तृतीयांश भाग भाजून छान फुगला होता. बाकीचा सुपासारखा हलत होता.

दुपारचा एक वाजला होता. पाहुणे पाचला येणार. कोपऱ्यावर बेकरी होती, तिथे तयार केक होते. शहाणा माणूस चप्पल घालून उतरला असता आणि दहा मिनिटांत परत आला असता. मास्तरांनी चप्पल घातलीही. पण दाराबाहेर पडताना त्यांची नजर माळ्यावरच्या पेट्यांकडे गेली, आणि त्यांच्यातला चाळीस वर्षांचा कारागीर ताडकन उठून बसला. अरे, यात काय एवढं! हे तर आपण हजार वेळा केलंय.

नाटकातल्या केकची एक रीत असते. सगळा केक खोटा. पण नायिका तो कापते आणि एक फोड खाते, तेव्हा तेवढी फोड खरी लागते. म्हणून खोट्या केकला एक खाच ठेवायची, तीत खऱ्या केकचा तुकडा बसवायचा, सगळ्यावरून क्रीम फिरवायचं आणि त्या तुकड्याच्या डोक्यावर एक चेरी लावायची. कापायची तेवढी जागा खरी. कंपनीत हे सगळ्यांना ठाऊक, नव्या आलेल्या पोरीलासुद्धा. कुणाला सांगावं लागत नाही.

टोपीचा एक गोल खोका खाली, मध्ये थर्माकोलचा जाड तुकडा, वर त्याहून लहान. समोरच्या बाजूला तिन्ही मजल्यांतून उतरणारी एक खाच, तीत भाजलेल्या केकचे तुकडे. मग क्रीम. मग फुलं. मग चेरी. चार वाजता मास्तर तीन पावलं मागे सरले, एक डोळा मिटून पाहिलं, आणि त्यांना स्वतःलाच गहिवरून आलं. इतका खरा केक त्यांनी जन्मात केला नव्हता.

पाच वाजता सगळे जमले. ड्रायव्हरसाहेब दारातच थबकले. "अरे बापरे! हा केक की बंगला?"

"मास्तर, तुम्ही केलात?" सिस्टरनी विचारलं. "हातांनी?"

"छे छे, हात कसले. नुसती धडपड," मास्तर म्हणाले. अशा वेळी नम्रपणे मान किती झुकवायची ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

ताई टेबलाजवळ आली. केककडे वरपासून खालपर्यंत पाहत, रोग्याचं वजन अंदाजावं तशी म्हणाली, "हा चार किलोंचा तरी असेल."

मास्तरांनी घाईने मेणबत्ती खोचून पेटवली. तो सहाशे ग्रॅमही नव्हता.

ते सुरी आणायला ओट्याकडे वळले, तेवढ्यात दोन गोष्टी घडल्या. ताईला वाकायला नको म्हणून ड्रायव्हरसाहेबांनी केकचं ताट फिरवून तिच्या बाजूला सरकवलं. ते सरकवताना चेरी घरंगळली. ती जमिनीवर पडणार, एवढ्यात शिवणवाल्या बाईंनी ती वरच्यावर झेलली आणि वाया नको जायला म्हणून तोंडात टाकली.

ताईने सुरी घेतली. मेणबत्ती फुंकली. टाळ्या झाल्या. सुरी आत गेली.

कर्र्र.

थर्माकोल कापला जातो तेव्हा जो आवाज होतो त्याने दाताच्या मुळापर्यंत शिरशिरी जाते. सिस्टरनी डोळे मिटून घेतले. ताईने सुरी बाहेर काढली. तिच्या पात्याला पांढरे दाणे चिकटले होते.

"हे काय रे?"

आणि मास्तर, चाळीस वर्षांच्या सवयीने, विंगेतून पुटपुटावं तसे तोंडाच्या कोपऱ्यातून म्हणाले, "चेरी! चेरी बघ!"

"कुठली चेरी?"

सगळ्यांनी चेरी शोधली. शिवणवाल्या बाईंनी आवंढा गिळला. "ती... ती पडत होती हो. मला काय माहीत तिच्यावर एवढं अवलंबून आहे म्हणून!"

ताईने दुसरीकडे सुरी घातली. खोका लागला. तिसरीकडे घातली. कर्र्र. मास्तर पुढे धावले, पण फुलं चहूकडून सारखीच होती आणि ताट किती फिरलंय याचा त्यांनाही पत्ता नव्हता. आपण किती बेमालूम काम करतो याचा अभिमान वाटावा की बुडून मरावं, हे त्यांना ठरवता येईना.

"द्या इकडे," सिस्टर बाह्या सरसावत पुढे आल्या. "तुम्हाला नस सापडत नाहीये." त्यांनी क्रीमवरून दोन बोटं हलकेच फिरवली, एका जागी दाबून पाहिलं, "ही बघा, इथे मऊ लागतंय," आणि एका झटक्यात सुरी उतरवली. आतून खरा केक निघाला. ड्रायव्हरसाहेबांनी भोंगा वाजवावा तसा आवाज काढला. पाचही जण हसत सुटले. शिवणवाल्या बाईंना तर खुर्चीत बसवून पाणी द्यावं लागलं. मास्तरही हसले. पण त्यांचं हसू पंधराव्या रांगेपर्यंत पोचेल असं होतं, जवळून बघण्यासारखं नव्हतं.

त्या फोडीचे पाच तुकडे झाले. ताईने दोन घास खाल्ले आणि बशी बाजूला ठेवली.

पाहुणे गेल्यावर ताई सुऱ्या धुवायला उभी राहिली. मास्तर खोक्यावरचं क्रीम खरवडत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "राग आला?"

"कशाचा?"

"थर्माकोलचा."

"उलट," ताई म्हणाली. "दोन महिन्यांत पहिल्यांदा इतका केक समोर आला, जो मला खावा लागला नाही."

मास्तरांचा हात थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे मला केक आवडत नाही, भोपळ्या."

"हा नसेल आवडत. ओव्हनच जळलेला होता. उद्या जरा लोणी..."

"कुठलाच नाही. मला गोडच आवडत नाही. कधीच आवडत नव्हतं."

"कधीच म्हणजे? अगं, आणि तो जॅमचा पाव?"

जॅमच्या पावाची गोष्ट ऐकली नाही असा माणूस मास्तरांच्या ओळखीत नव्हता. लहानपणी वडील महिन्यातून एकदा दोन जॅमचे पाव आणत, एक ताईला, एक भोपळ्याला. आणि ताई, स्वतः जेमतेम आठ वर्षांची, गुपचूप आपला पाव धाकट्या भावाच्या हातात ठेवी. मास्तर ही गोष्ट सांगताना एका ठरावीक ठिकाणी आवंढा गिळत. तिथे समोरच्याचे डोळे हमखास भरून येत.

"जॅमच्या वासाने मला ओकारी यायची," ताई म्हणाली. "आणि टाकून दिला तर बाबा मारायचे. तू बरा सापडला होतास."

मास्तर स्टुलावर बसले. "म्हणजे त्याग वगैरे..."

"त्याग कसला डोंबलाचा! तू माझी केराची टोपली होतास."

"साठ वर्षं मी ती गोष्ट सांगतोय!"

"ठाऊक आहे. स्वतःच्या लग्नात सांगितलीस. माझ्या निरोपसमारंभात सांगितलीस, माइक घेऊन. सगळ्या सिस्टर रडल्या. आता मी काय मध्येच उठून सांगू, की बायांनो, मला मळमळायचं?"

त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत उत्तम नाटक एका वाक्यात पडलं होतं.

ताईने हात पुसले आणि समोर बसली. "राग मानू नकोस. पण खरं सांगते. त्या निवासात एक शेगडी आहे, आणि कुणी विचारत नाही की खाल्लंस का, आवडलं का, अजून घे. तू बशी ठेवतोस आणि उभा राहतोस. मी गिळेपर्यंत तुझा जीव टांगलेला. मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. चोरून मिरचीचं पाणी पिते मी माझ्याच भावाच्या घरात. सत्तरीत!"

"मी बघितलं," मास्तर हळूच म्हणाले.

"बघितलंस? आणि बोलला नाहीस?"

"मला वाटलं, माझ्या केकची चव घालवायला पितेस."

ताईने कपाळावर हात मारून घेतला. "माझ्या जिभेचं माझं काही असू शकतं, हे तुझ्या डोक्यात येतच नाही का रे? चार वाजले की तुला गोड हवं. मला आंबट हवं. लहानपणापासून. चिंच, लिंबू, काय मिळेल ते. त्यात तुझा केक कुठेच येत नाही. चांगला झाला तरी येत नाही."

मास्तर उभे राहिले. उजवा हात छातीवर गेला, डावा खिडकीकडे. "ताई, ही भिंत, ही खिडकी, हे रिकामं घर..."

"खाली बस."

बसले.

"हात टेबलावर ठेव. दोन्ही. हां. आता बोल काय ते. हलवू नकोस हात."

मास्तरांनी हात टेबलावर ठेवले. नखांत क्रीम होतं. हात हलत नाहीत म्हटल्यावर शब्दही हलेनात. पाठीमागे कुणी पुढचं वाक्य सांगायला नव्हतं, आणि घरातला एकुलता एक केक थर्माकोलचा होता.

"तू गेलीस तर," ते म्हणाले, "मला करमणार नाही."

"हं."

"एवढंच आहे. पुढचं काही लिहिलेलं नाही."

ताईने त्यांच्या नखांतल्या क्रीमकडे पाहिलं. मग "उद्या ओव्हनवाल्याला बोलाव," असं म्हणून उठली. याचा अर्थ काय, ते मास्तरांनी रात्रभर काढून पाहिलं. निघाला नाही.

पुढचे चार दिवस घरात नवी तालीम सुरू झाली. चार वाजता मास्तर कोपऱ्यावरच्या बेकरीतला केक खात आणि ताई उघड उघड, टेबलावर पेला मांडून, मिरचीचं पाणी पिई. "आवडलं का" विचारायचं नाही, असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी मास्तरांना ते इतकं जड गेलं, की त्यांनी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या मनाने तिच्या पेल्यातला एक घोट घेऊन पाहिला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कानांत शिट्टी. त्यांनी पेला सभ्यपणे परत ठेवला. ताईने काही विचारलं नाही. ती नियमाची पक्की.

तिसऱ्या दिवशी ओव्हनवाला येऊन गेला. चौथ्या दिवशी मास्तरांनी एक केक केला, लहान, फुलं नसलेला, ताईच्या तराजूवर मोजून. एकट्यापुरता. तो मधोमध फुगला, बाहेरून तपकिरी झाला, आणि सुरीने काहीही आवाज केला नाही. मास्तरांनी त्याकडे संशयाने पाहिलं. तो दिसायला इतका साधा होता, की कंपनीत कुणी रंगमंचावर नेला नसता. खाल्ल्यावर मात्र त्यांचे डोळे मिटले. ताई पेपर वाचत होती. तिने पानही उलटलं नाही, आणि मास्तरांनाही पहिल्यांदाच कुणी बघावं असं वाटलं नाही. दुसरी फोड घेईपर्यंत तरी नाही.

तीस तारखेला सकाळी ताईने टेबलावर एक बंद पाकीट ठेवलं. "माझा चष्मा सापडत नाहीये. एवढा पत्ता घाल."

निवासाचा पत्ता. मास्तरांनी पेन घेतलं. नाटकातली हजार प्रेमपत्रं लिहिलेला हात होता. त्यांनी पत्ता इतक्या मोठ्या, वळणदार अक्षरांत लिहिला, की पोस्टमनला तो रस्त्याच्या पलीकडून वाचता आला असता. शेवटच्या ओळीत मात्र एक काना वाकडा गेला.

"आत काय लिहिलंय विचारणार नाहीस?" ताईने विचारलं.

"विचारायचं नाही असं ठरलंय ना."

"ते खाण्याबद्दल ठरलंय, गाढवा."

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. दोन्ही हात टेबलावर.

"लिहिलंय, की खोली पुढच्या नावाला द्या. आणि माझं नाव काढू नका, वर्षाने पुन्हा विचारा." ताईने पाकीट उचललं, छत्री घेतली आणि चप्पल शोधायला लागली. "वर्षभर बघते कसं जमतंय ते. पुढचं पुढे."

मास्तरांनी एकदम नाक ओढलं. मग न्यायाधीशाच्या झग्याला तोंड पुसत म्हणाले, "वर्षभर? अगं ताई, आमचं एकही नाटक वर्षभर चाललं नाही."